चषक उचलायला दोघे

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे डेव्हिड कर्कबद्दल. देश न्यूझीलंड, खेळ रग्बी. 1987 साली रग्बीचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणारा हा कर्णधार. जिंकला तेव्हा वय 26. पुढच्याच महिन्यात सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक सामना खेळला आणि देशाची जर्सी कायमची उतरवली. पुढे वर्तमानपत्रांची कंपनी चालवली, गुंतवणुकीचा व्यवसाय उभा केला. तिकडे येईनच, पण आधी मैदान.

रग्बीचे सगळे नियम सांगत बसलो तर वेळ इथेच संपेल. एवढंच ध्यानात ठेवा: हातातला चेंडू पुढे फेकता येत नाही. आडवा टाका, मागे टाका, पुढे मात्र नाही. पुढे न्यायचा तर घेऊन पळा किंवा लाथेनं मारा. पलीकडच्या रेषेपार चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. तेव्हा ट्रायचे चार गुण मिळत, आता पाच मिळतात.

कर्क खेळायचा हाफबॅकच्या जागी. दोन्हीकडचे आठ-आठ दांडगे गडी खांदे भिडवून रेटारेटी करतात, ती स्क्रम. हाफबॅक तिच्यात चेंडू सरकवतो, धावत वळसा घालून मागे येतो, आपल्या गड्यांच्या पायांखालून बाहेर आलेला चेंडू उचलतो आणि मागच्या फळीला देतो. ऐकायला सोपं वाटतं. चूक कुठे होते? वाकून चेंडू उचलला, मग सरळ उभं राहिलं, मग हात मागे घेतला आणि मग फेकला, की अर्धा सेकंद गेला. तेवढ्यात समोरचा फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा गडी, अंगावर येतो. म्हणून मागचा पाय चेंडूशेजारी रोवायचा, पुढचा पाय जिकडे पास द्यायचा तिकडे टाकायचा आणि अंगणात झाडू फिरवावा तसा चेंडू जमिनीलगतच सोडायचा. दोन्ही बाजूंना, सारख्याच सफाईनं. ज्या हाफबॅकचा एकाच बाजूचा पास चांगला, त्याचं गुपित समोरच्यांना दहा मिनिटांत कळतं.

स्क्रमचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चेंडू स्क्रमच्या मधोमध सरळ सरकवायचा असा नियम होता आणि तो पाळलाही जायचा. आज हाफबॅक उघड उघड आपल्याच गड्यांच्या पायाशी चेंडू ढकलतो. मग ती झुंज कसली? असो.

आता गोष्ट. तिची सुरुवात 1981 साली, ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर होते. ईडन पार्क हे नाव लक्षात ठेवा, गोष्ट परत तिथेच यायची आहे.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं आणि त्यांचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला होता. देश उभा दुभंगला. रस्त्यांवर निदर्शनं, मैदानांभोवती काटेरी तारा. न्यूझीलंडचा कर्णधार ग्रॅहम मूरी यानं या संघाविरुद्ध खेळणार नाही असं सांगून टाकलं. त्याच्या जागी कर्णधार झाला हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध असणारा, अँडी डाल्टन. शेवटचा सामना ईडन पार्कवर होता. खेळ चालू असताना एक छोटं सेस्ना विमान पुन्हा पुन्हा मैदानावरून खाली झेपावत होतं आणि पिठाच्या पुड्या टाकत होतं. एक पुडी न्यूझीलंडच्या गॅरी नाइटला लागली आणि तो खाली कोसळला. सामना तरीही पुरा झाला, न्यूझीलंडनं तो 25-22 असा जिंकला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, तो मात्र पुढे कितीतरी वर्षं.

1985 मध्ये न्यूझीलंडचा संघ उलट दक्षिण आफ्रिकेला निघाला होता. दोन वकील न्यायालयात गेले, मनाई हुकूम मिळाला, दौरा रद्द झाला. पण 1986 साली खेळाडू देशाच्या रग्बी मंडळाला बाजूला ठेवून स्वतःच निघाले. संघाचं नाव 'कॅव्हेलिअर्स', कर्णधार अँडी डाल्टन. रद्द झालेल्या दौऱ्यासाठी 30 जण निवडलेले होते. त्यातले 28 गेले, दोघे राहिले. पुन्हा सांगतो: 28 गेले, दोघे राहिले. एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा, जॉन कर्वन, दुसरा डेव्हिड कर्क.

कर्क तेव्हा 25 वर्षांचा. ड्यूनेडिनच्या ओटागो विद्यापीठातून डॉक्टरकीचं शिक्षण झालेलं. देशासाठी पहिला कसोटी सामना खेळून वर्षही झालेलं नव्हतं. अशा वेळी ज्यांच्याबरोबर स्क्रममागे उभं राहायचं, त्याच सगळ्यांना नाही म्हणायचं. जाणाऱ्यांना राहणाऱ्यांचा राग यायचाच, तो आला.

तिकडे दुसऱ्याच सामन्यात मागून बसलेल्या ठोशानं डाल्टनचा जबडा मोडला आणि त्याचा दौरा तिथेच संपला. कॅव्हेलिअर्सनी मालिकाही गमावली. परत आल्यावर रग्बी मंडळानं त्यांच्यावर दोन कसोटी सामन्यांची बंदी घातली. आता फ्रान्सविरुद्धचा सामना तोंडावर, आणि नेहमीचा संघ बंदीत! तेव्हा निवड समितीनं पोरंसोरं गोळा केली आणि कर्णधार केलं कर्कला. न्यूझीलंडच्या संघाला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात, म्हणून लोकांनी या संघाला नाव दिलं 'बेबी ब्लॅक्स'. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्यांत शॉन फिट्झपॅट्रिक होता, जो स्टॅनली होता. पुढे दोघं मोठे झाले, पण त्या दिवशी त्यांना कोण ओळखत होतं? 28 जून 1986, क्राइस्टचर्च. न्यूझीलंड 18, फ्रान्स 9.

पुढचा सामना ऑस्ट्रेलियाशी, 12-13 असा एका गुणानं गेला. बंदी उठली, मोठे गडी परत आले आणि कर्कच्या हाताखाली दुसरा सामना एका गुणानंच जिंकले, 13-12. तिसरा मात्र 9-22 असा हरले, मालिका गेली आणि कर्कचं कर्णधारपदही गेलं. ते गेलं जॉक हॉब्जकडे. हॉब्जला डोक्याच्या दुखापतींमुळे खेळच सोडावा लागला. मग विश्वचषकासाठी पुन्हा अँडी डाल्टन. स्पर्धेच्या तोंडावर डाल्टनच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि पद फिरून कर्ककडे आलं. समालोचक अशा वेळी 'नशीब' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द आळशीपणाचा वाटतो. पद रिकामं झालं तेव्हा त्याच्याकडे वळायला कारण होतं. पोरासोरांना घेऊन जिंकून दाखवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

पण संघ? त्यात गेलेले होते आणि राहिलेलेही होते. प्रशिक्षक होता ब्रायन लॉकोर, स्वतः वायरारापा भागातला शेतकरी. स्पर्धेच्या मध्यावर तो सगळ्यांना तिथल्या पिरिनोआ नावाच्या छोट्या गावी घेऊन गेला. हॉटेल नाही, खेळाडू वाटून दिले घराघरांत. शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात जेवायचं, त्यांच्या पोरांशी खेळायचं. ज्या लोकांनी रग्बीकडे पाठ फिरवली होती त्यांना खेळाडू जवळून दिसले, आणि खेळाडूंना लोक. संघाला सावरायला लॉकोरनं भाषणाऐवजी एका घरचं जेवण वापरलं, हे मला फार आवडतं.

स्पर्धेत इटलीला 70-6, फिजीला 74-13, अर्जेंटिनाला 46-15, स्कॉटलंडला 30-3, वेल्सला 49-6 असं हरवत संघ अंतिम फेरीत आला. 20 जून 1987, ईडन पार्क. हो, तेच पिठाच्या पुड्यांचं ईडन पार्क. समोर पुन्हा फ्रान्स, आठवडाभरापूर्वी ऑस्ट्रेलियाला 30-24 असं शेवटच्या क्षणी हरवून दमलेला. मायकेल जोन्सचा ट्राय, मग कर्कचा स्वतःचा, मग कर्वनचा. म्हणजे दौऱ्याला न गेलेल्या दोघांचेही ट्राय अंतिम सामन्यात! बाकी गुण ग्रँट फॉक्सनं लाथेनं चेंडू गोलखांबांमधून मारून मिळवलेले. न्यूझीलंड 29, फ्रान्स 9.

चषक हातात आला. सोनेरी मुलामा दिलेला, 38 सेंटिमीटर उंचीचा. मोठ्या स्पर्धेच्या मानानं लहानसाच, एका माणसानं सहज उचलावा असा. आणि इथे कर्कनं बोलावलं कुणाला? अँडी डाल्टनला. एक सामनाही न खेळलेल्या डाल्टनला. 1981 मध्ये मूरीनं नाही म्हटल्यावर कर्णधार झालेल्या, 1986 मध्ये कॅव्हेलिअर्सना घेऊन गेलेल्या डाल्टनला. न गेलेल्या माणसानं नेणाऱ्याला शेजारी उभं केलं आणि चषक दोघांनी मिळून वर धरला. कर्कनं त्या दौऱ्याबद्दलचं मत बदललं नव्हतं, मागेही घेतलं नव्हतं. फक्त चषक एकट्यानं धरला नाही.

घड्याळ पुढे गेलं आहे, तेव्हा उरलेलं भरभर सांगतो.

रग्बीत तेव्हा खेळायचे पैसे मिळत नसत, ते 1995 पासून उघडपणे मिळू लागले. विश्वविजेत्यालाही पोटापाण्याचं पाहावंच लागे. कर्कला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. ऑक्सफर्डला जाऊन त्यानं तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतलं. नंतर मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी झाली, पंतप्रधान जिम बोल्जर यांच्याकडे सल्लागारकी झाली, कागद आणि छपाईच्या धंद्यात वरच्या जागा झाल्या. 2005 साली तो ऑस्ट्रेलियात फेअरफॅक्सचा प्रमुख झाला, म्हणजे तेव्हा 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड' आणि मेलबर्नचं 'द एज' काढणारी कंपनी.

या धंद्याचं दुखणं नीट ऐका. बातम्यांवर वर्तमानपत्र पोसलं जात नव्हतं. ते पोसलं जात होतं नोकरी, घर आणि जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिरातींवर. त्या एकदा इंटरनेटवर गेल्या की पत्रकारांचा पगार कुठून द्यायचा? कर्कच्या कारकिर्दीत फेअरफॅक्सनं 2006 मध्ये न्यूझीलंडचं 'ट्रेड मी' हे संकेतस्थळ 70 कोटी न्यूझीलंड डॉलरला घेतलं. तिथे तेव्हा वस्तू मांडायला साधारण पैसे पडत नसत, विकली गेली की कमिशन द्यावं लागे. म्हणजे जी जाहिरात छापील पानावरून निसटत होती, तीच दुसऱ्या दारानं घरात. किंमत फार झाली म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

पुढच्या वर्षी रूरल प्रेस कंपनीचं विलीनीकरण झालं, कंपनी फुगली, कर्जही. 2008 ची मंदी आली, जाहिराती आटल्या. ऑगस्टमध्ये 550 नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं, पत्रकार संपावर गेले आणि डिसेंबरमध्ये कर्क पायउतार झाला. खेळाडूला व्यासपीठावर चढवून 'नेतृत्वाचे धडे' द्यायला लावणारे आयोजक हा भाग गाळतात. विश्वचषकानंतर थेट टाळ्या. माझ्या मते ऐकण्यासारखं असतं ते हेच 2008.

2010 मध्ये त्यानं पॉल विल्सनबरोबर 'बेलाडोर' ही गुंतवणूक कंपनी सुरू केली. अगदी नवख्या कंपनीत ते पैसे घालत नाहीत. जिचा माल विकला जातोय, गिऱ्हाईक टिकतंय, पण वाढायला भांडवल कमी पडतंय, अशीच निवडतात. हॉटेलांच्या खोल्यांचं ऑनलाइन आरक्षण सांभाळणारी 'साइटमाइंडर' ही त्यातली एक, ती 2021 मध्ये शेअर बाजारात आली.

आणि ते ट्रेड मी? 2011 मध्ये त्याचे शेअर बाजारात आले, कर्क अध्यक्ष झाला. 2019 मध्ये कंपनी विकली गेली 256 कोटी न्यूझीलंड डॉलरला. 70 कोटींची खरेदी, 256 कोटींची विक्री. फेअरफॅक्सनं मात्र आपला उरलासुरला हिस्सा 2012 मध्येच विकून टाकला होता.

2025 मध्ये कर्क न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाचा अध्यक्ष झाला. हेच ते मंडळ, ज्यानं 1986 मध्ये दौऱ्याहून परतलेल्यांना दोन सामने घरी बसवलं आणि न गेलेल्या पोराच्या हाती संघ दिला.

नमस्कार.