विजापूर: गोलघुमट सकाळी, इब्राहिम रोजा तिसऱ्या प्रहरी

नमस्कार श्रोतेहो.

सुट्ट्या लागल्या की पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून कितीतरी गाड्या सोलापुरावरून पुढे विजापूरकडे वळतात. अंतर साधारण १०० किलोमीटर, दोन-अडीच तासांचा रस्ता. मंडळी अकराच्या सुमारास पोहोचतात, गोलघुमटात तासभर ओरडून घेतात, तोफेपाशी फोटो काढतात, जेवतात आणि परतीला लागतात. एवढा लांबचा प्रवास करून विजापूर बघायचं राहूनच जातं. म्हणून पहिली विनंती अशी, की तिथं एक रात्र मुक्काम करा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायचं. कुठली इमारत कोणत्या वेळी बघायची, हे मात्र आधी ठरवून ठेवा. या गावात वेळ चुकली की इमारतच चुकते.

मुक्कामाचं आरक्षण करताना एक लक्षात ठेवा. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव विजयपुर आहे. छत्तीसगडमध्ये बिजापूर नावाचा वेगळा जिल्हा आहे, त्यामुळे मोबाइलवर शोधताना कर्नाटक लिहिलेलं आहे ना, ते बघून मगच पैसे भरा. शुक्रवार टाळा. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं पुराणवस्तू संग्रहालय त्या दिवशी बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि मशिदीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तेव्हा जायचंच असेल तर पिशवीत जाड मोज्यांचा जोड ठेवा.

पहिल्या दिवशी तीनच्या सुमारास शहराच्या पश्चिम अंगाला जा. सुरुवात उपळी बुरुजापासून करा. १५८४ साली हैदरखानानं बांधलेला हा बुरूज सुमारे २४ मीटर उंच आहे. बाहेरून वळसा घालत जाणाऱ्या उघड्या दगडी पायऱ्या आहेत, तेव्हा लहान मुलांना भिंतीच्या बाजूनं चालवा. वर दोन लांबलचक तोफा आहेत, त्यातली मोठी ९ मीटरच्याही पुढे भरते. लोखंडी पट्ट्या लांबीनं जुळवून त्यांवर कडी चढवलेली आहेत. जवळ वाकून पाहिलं तर कड्यांचे सांधे दिसतात. इथं आधी यायचं कारण मात्र वेगळं आहे. वरून अख्खं शहर एका नजरेत येतं. पूर्वेला गोलघुमट, मधे बालेकिल्ला, भोवती सुमारे १० किलोमीटरचा तट. उद्या कुठून कुठं जायचं, ते इथंच पक्कं होतं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शेर्झा बुरूज आहे आणि त्यावर मुलूख मैदान तोफ. ही ओतीव तोफ. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत महंमद बिन हसन रूमी या कारागिरानं ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या जवळपास. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय. तोफेचं तोंड बघून झालं की बाजूला उभं राहून तो हत्ती शोधा, घाईत तो नजरेतून सुटतो. ही तोफ आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापुरात आणली मुरार जगदेवानं, म्हणजे पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा जो आदिलशाही सरदार, त्यानंच. ओढायला १० हत्ती आणि ४०० बैल लागले, असं सांगतात.

साडेचारच्या आत इब्राहिम रोजाला पोहोचायला हवं, कारण सूर्यास्ताला दार बंद होतं. मोकळं सांगायचं तर विजापुरातली सर्वांत सुंदर इमारत हीच, आणि एकच बघायला वेळ असेल तर गोलघुमट सोडून हिच्याकडे या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कारकीर्द १५८० ते १६२७. राजा संगीताचा वेडा, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. राणी ताज सुलताना हिच्यासाठी ही कबर बांधायला घेतली आणि पुढे स्वतः इब्राहिमही तिथंच पुरला गेला. हे बांधकाम पाहणाऱ्या मलिक संदल याचं नाव इथल्या शिलालेखात आहे. एकाच जोत्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे कारंज्याचा हौद.

इथं तिसऱ्या प्रहरी यायचं ते उजेडासाठी. कबरीच्या भोवतालच्या ओवरीत भिंतीवर जी अक्षरं आणि वेलबुट्टी आहे, ती अगदी उथळ कोरलेली आहे. ऊन डोक्यावर असताना ती नुसता करडा दगड वाटते. उन्हं कलली, तिरपा उजेड ओवरीत आला, की कडेकडेला सावली धरते आणि अक्षर न् अक्षर वर येतं. खिडक्यांच्या जाळ्याही नीट बघा. साध्या जाळीत नक्षीची भोकं असतात, इथं अरबी अक्षरं दगडात शाबूत ठेवून त्यांच्यामधली जागा कोरून काढली आहे. आतून बघितलं तर उजेडावर काळी अक्षरं दिसतात. कबरीच्या खोलीत गेल्यावर मान वर करा. १२ मीटर लांब-रुंद खोली आणि वरचं दगडी छत जवळजवळ सपाट, खाली एकही खांब नाही. चिरे एकमेकांना इतके घट्ट बिलगून बसवले आहेत की चुन्यासकट सगळं छत एकसंध होऊन तोललं जातं.

रात्री जेवायला खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. सोलापूरकरांना हे ताट घरचंच वाटेल.

आता दुसरी सकाळ. गोलघुमट सकाळी ६ वाजता उघडतो. दार उघडताना तुम्ही तिथं हवेत. नऊनंतर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या लागतात आणि मग ज्याच्यासाठी आलात ते ऐकू येणं बंद होतं.

महंमद आदिलशहाची ही कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६, म्हणजे शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तोच हा बादशहा. खालचं दालन सुमारे ४१ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. आत शिरलात की लगेच जिन्याकडे धावू नका. मधे उभं राहून कोपऱ्यांकडे बघा. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचं वर्तुळ करतात. कमानींमधला भाग आत झुकलेला आहे. घुमट भिंतींना बाहेर रेटतो आणि हे झुकलेलं वजन त्या रेट्याला आत ओढून धरतं. म्हणून मधे खांब लागला नाही. चौथऱ्यावरच्या कबरी नुसत्या खुणेच्या आहेत, खऱ्या कबरी खाली तळघरात.

वर जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून जिना आहे. शंभराहून जास्त पायऱ्या, उंच आणि अरुंद. गुडघे दुखत असतील किंवा दम लागत असेल तर खालीच थांबा, मधेच उलट फिरायला जागा नसते. गच्चीवर आलात की घुमटाच्या बुडाशी दारं दिसतात, ती आतल्या गोल सज्जात उघडतात. सज्जा सुमारे सव्वातीन मीटर रुंद आहे.

इथं बहुतेकांचं चुकतं. आत पाऊल टाकताच मोठ्यानं नाव पुकारतात. पुकारा लांब असतो. त्याचा शेवट तोंडातून निघेपर्यंत सुरुवात समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेली असते आणि सगळ्याचा कालवा होतो. आतला व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे आवाजाला जाऊन यायला सेकंदाचा पाचवा हिस्साच लागतो. त्यासाठी आवाज तोकडा हवा. एकच टाळी द्या आणि मनात दहा म्हणेपर्यंत गप्प राहा. सातापेक्षा जास्त पडसाद मोजता येतात. टाळी नको असेल तर कागद फाडा, चर्र आवाज तुकड्यातुकड्यांनी परत येतो.

कुजबुज ऐकायची तर एकानं सज्जाच्या एका टोकाला आणि दुसऱ्यानं बरोबर समोर बसायचं. समोरच्याकडे तोंड करून बोलू नका. गाल भिंतीला लावा आणि भिंतीच्या कडेनं पुढे बोला. वाकड्या भिंतीला धरून आवाज साठ मीटरचा वळसा घेतो. ऐकणाऱ्यानंही कान भिंतीलाच लावायचा. मधे कुणी बोलत असेल तर थांबा. भिंतीवर नावं कोरलेली दिसतील, मुलांच्या हातात टोकदार काही देऊ नका.

खाली उतरलात की नाश्ता करा आणि दहाच्या सुमारास संग्रहालय बघा. मग रिक्षा किंवा टांगा ठरवून जामा मशीद. तिथं फरशीवर नमाजासाठी आखलेले २२८६ चौकोन आहेत. तिथून असर महाल, मग गगन महालाची प्रचंड कमान. १६८६ साली शेवटचा आदिलशहा सिकंदर औरंगजेबासमोर शरण आला तो इथंच. बाराकमान अर्ध्या तासात होते. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर १६७२ मध्ये तो गेला तेव्हा जशी थांबली, तशीच उभी आहे.

टांग्याचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि कुठं कुठं थांबायचं ते नावानिशी सांगा. गावात मराठी कळते, दखनी तर सर्रास चालते. एसटीच्या पाट्या मात्र कानडीत असतात, तेव्हा सोलापूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते, ते चौकशीच्या खिडकीवर विचारूनच उभे राहा.