दोन्ही टोकांना कुलपं

(दृश्य : रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. कौलारू घर, दाराला कुलूप, अंगणात फणसाची वाळलेली पानं.)

15 नोव्हेंबर 2022. जगाची लोकसंख्या आज 800 कोटी झाली, असं संयुक्त राष्ट्रसंघानं जाहीर केलं. दिवस अर्थात अंदाजानं ठरवलेला. नेमकं आठशे कोटीवं बाळ कुठं रडलं, ते कोण सांगणार? तर, त्या दिवशीही या दाराला कुलूपच होतं.

माणसं वाढली, हे खरं. मग ती गेली कुठं?

(दृश्य : जुनी छायाचित्रं. पाळणा, विहीर, देवीची लस टोचणारा माणूस.)

लोकसंख्या वाढली म्हटलं की आपण पटकन म्हणतो, लोकांना पोरं फार झाली. पण पोरं पणजीच्या काळातही आठ-आठ, दहा-दहा व्हायचीच. टिकायची नाहीत. पाळणा हलायचा आणि वर्षा-दोन वर्षांत रिकामा व्हायचा. जगात 100 कोटी माणसं व्हायला 1804 साल उजाडावं लागलं. दुसरे 100 कोटी 1927 च्या सुमारास. म्हणजे सव्वाशे वर्षं लागली. आणि 700 चे 800 कोटी व्हायला? फक्त अकरा. मधल्या काळात लस आली, बरं पाणी आलं, मलेरिया हटला, पेनिसिलिन आलं. मरण लांबलं, जन्म मात्र जुन्याच हिशेबानं चालू राहिले. या दोहोंमधली फट म्हणजेच आपण ज्याला लोकसंख्येचा स्फोट म्हणतो तो.

शहरांची गोष्ट तर आणखी वेगळी. शहरं माणसं वाढवत नसत, खात असत.

(दृश्य : मांडवी, मुंबई. अरुंद गल्ली, धान्याची गोदामं.)

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक मिळेल त्या गाडीनं, गलबतानं गावाकडं पळाले. 1891 च्या शिरगणतीत मुंबईत 8,21,764 माणसं होती, 1901 मध्ये 7,76,006. दहा वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढली आणि माणसं घटली.

तरी शहर पुन्हा भरलं. बाहेरून आलेल्या माणसांनी भरलं. 1921 च्या आसपास मुंबईतल्या दर 5 माणसांपैकी 4 जण शहराबाहेर जन्मलेले होते. आणि हजार पुरुषांमागं बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. हा आकडा नीट ऐका, कारण सगळं गिरणगाव त्यात आहे.

(दृश्य : चाळीतली दहा बाय बाराची खोली. भिंतीला ओळीनं खुंट्या, खाली पत्र्याच्या ट्रंका.)

ही गाववाल्यांची खोली. एका गावातले वीस-पंचवीस बाप्ये मिळून भाड्यानं घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी, एक वळकटी. रातपाळीवाला सकाळी येऊन आडवा व्हायचा, तेव्हा दिवसपाळीवाला भोंग्याच्या दिशेनं निघालेला असायचा. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे शेजारच्या चाळीतली एखादी बाई, आपल्या चुलीवर पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी. पगाराच्या दिवशी आधी तिचे पैसे, मग मनीऑर्डर.

मनीऑर्डर जायची ती जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. तिथं भातखाचरं, गुरं, म्हातारी माणसं आणि कोर्टकज्जे हे सगळं बायका सांभाळत. चाकरमानी शहरात नोकरी करी. शहरात राहतो असं मात्र तो कधी म्हणाला नाही. 'घर कुठं?' विचारलं की तो लालबाग सांगत नसे, गावाचं नाव सांगे. जगभरचे अभ्यासक या सगळ्याला शहरीकरण म्हणतात. मला विचाराल तर ते अर्धंच होतं. बाप्या शहरात, चूल गावात.

उरलेलं अर्धं स्वातंत्र्यानंतर झालं. बायकापोरं आली, पोरं इथंच जन्मली आणि यावेळी टिकलीसुद्धा. बृहन्मुंबई 1951 मध्ये 30 लाखांची होती, 1991 मध्ये 99 लाखांची झाली. 1960 च्या दशकात तर सगळ्या जगाचाच वाढीचा दर वर्षाला दोन टक्क्यांच्या वर गेला होता. इतका तो आधी कधी नव्हता, नंतरही नाही.

(दृश्य : बंद गिरणीचं फाटक. मागं काचेचा टॉवर.)

18 जानेवारी 1982. गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेच पुन्हा कधी आत गेले नाहीत. पुढं जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले. टॉवर इतके उंच की बघणाऱ्याला वाटावं, इथं माणूस मावत नसेल.

2011 ची जनगणना मात्र उलटंच सांगते. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई, दहा वर्षांत 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली. माणसं घटली. गंमत वाटेल, पण हिशेब साधा आहे. चाळीतल्या 160 चौरस फुटांत आठ माणसं झोपत. टॉवरमधल्या दहापट मोठ्या फ्लॅटमध्ये तीन. दिवसा लोअर परळच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते, हेही खरंच. पण जनगणना माणूस कामाला कुठं जातो हे पाहून डोकी मोजत नाही, राहतो कुठं ते पाहते.

आता दुसरं टोक पाहा. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आला. सिंधुदुर्गही घटला. महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच, आणि ते हेच : मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. शंभर वर्षं ज्या वाटेनं माणसं गेली, तिची दोन्ही टोकं एकदमच विरळ झाली.

(दृश्य : सकाळी पावणेआठ. डोंबिवली स्थानक, फलाट तीन.)

आणि माणसं? ती इथं आहेत. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपारा. पालघर वेगळा होण्याआधीचा ठाणे जिल्हा त्या दहा वर्षांत 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला आणि देशात सर्वांत मोठा ठरला. ही वाढ मुख्यतः पाळण्यातून झालेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं होती, म्हणजे आईबापांची जागा भरून निघायलाही कमीच. जगाचा दरही एक टक्क्याच्या खाली उतरलाय. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानं 2080 च्या दशकात साधारण 1,030 कोटींवर चढण संपेल. इथं वाढ होते ती टेम्पोतून, कपाट आणि गॅसची शेगडी घेऊन.

शहर कशाला म्हणायचं, यालाही जनगणनेचा नियम आहे. वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला 400 माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण भाग शेतीबाहेर. मग कारभार ग्रामपंचायतीकडं असला तरी नोंद शहरात. इंग्लंडमध्ये निम्मी माणसं शहरी झाली 1851 मध्ये, जगाची 2007 च्या सुमारास. महाराष्ट्र 2011 मध्ये 45 टक्क्यांवर होता. आता कुठं असेल ते पुढची मोजणी सांगेल.

(दृश्य : पुन्हा वाडी. तेच दार.)

त्या मोजणीसाठी ठरलेला क्षण आहे 1 मार्च 2027 सुरू होतानाचे रात्रीचे बारा. त्या रात्री या दाराला कुलूप असेल. या घरातली माणसं डोंबिवलीत मोजली जातील, आणि ते नियमाला धरूनच होईल.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी शिमगा. ग्रामदेवतेची पालखी वाडीत येते, प्रत्येक दारात थांबते. तेव्हा घर बंद ठेवून चालत नाही. आदल्या रात्री गाडीनं कुणीतरी येतं, अंगण झाडतं, आणि किल्ली कुठल्या खिशात ठेवली ते शोधत उभं राहतं.

(कुलूप उघडल्याचा आवाज.)