जुन्या फोनला नवे का मिळत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या पहाटे मी गोव्यात सावईवेऱ्याला मावशीच्या घरी होतो. नरकासुर जाळून मुले नुकतीच परतली होती आणि स्वयंपाकघरात गुळाच्या आणि ताकातल्या फोवांची, म्हणजे पोह्यांची, तयारी चालली होती. इतक्यात मावशीच्या फोनवर पुण्याहून तिच्या लेकीचा संदेश आला. पडद्याच्या वरच्या पट्टीत ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे उमटली आणि त्यांच्यापुढे तीन रिकामे चौकोन. मावशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि फोन माझ्यापुढे धरला. “अरे, ह्या चौकोनांत हिने काय लिहिलंय ते बघ.” मी व्हॉट्सॲप उघडले, तर चौकोनांच्या जागी तीन पणत्या होत्या.

पणतीचे हे चित्र युनिकोड या जागतिक अक्षरसंचात २०१९ साली आले. साडी, देऊळ आणि रिक्षा यांची चित्रेही त्याच वर्षी आली. मावशीचा फोन २०१७ सालचा आहे आणि त्यात अँड्रॉइडची सातवी आवृत्ती आहे. वरच्या पट्टीतला मजकूर फोनची मूळ यंत्रणा स्वतःजवळच्या अक्षरसाठ्यातून उमटवते आणि त्या साठ्यात पणती नाही. व्हॉट्सॲप मात्र आपली चित्रे आपल्याबरोबर घेऊन येते आणि ते मावशीच्या फोनवर अजून अद्ययावत होत असल्यामुळे तिथे पणती दिसली. फोन तोच, पडदा तोच, संदेशही तोच. एके ठिकाणी चौकोन आणि दुसरीकडे पणती. आजच्या विषयाचे निम्मे उत्तर या दोन ठिकाणांमधल्या फरकात आहे.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. त्यामुळे नातेवाईक, शेजारी आणि विद्यार्थ्यांचे पालक आपापले फोन घेऊन माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की अमक्याच्या फोनवर जे दिसते ते माझ्या फोनवर का नाही. दुकानात विचारले तर ‘फोन जुना झाला’ एवढेच त्यांना सांगण्यात येते. हे उत्तर मला पटत नाही, कारण ते विचारणाऱ्याला तिथेच थांबवते. बॅटरी झिजते, हे मान्य आहे. साठवणीची जागा भरत गेली की फोन रेंगाळतो, हेही मान्य आहे. पण आतली चिप पहिल्या दिवशी जेवढी आकडेमोड करत होती तेवढीच ती आजही करू शकते. मग नकार येतो तो कुठून, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते. कधी तो ॲपमधून येतो, कधी यंत्रणेतून, कधी चिपमधून, आणि कधी कंपनीच्या कचेरीतल्या टेबलावरून.

यंत्रणेचे पाहू. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल दरवर्षी तयार करते, पण गूगलचे स्वतःचे पिक्सेल फोन सोडले, तर ती गूगलकडून थेट आपल्या फोनवर येत नाही. फोनमधली मुख्य चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांसारख्या कंपनीची असते आणि त्या चिपशी, कॅमेऱ्याशी, रेडिओशी यंत्रणेने कसे बोलावे हे सांगणारे दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, बहुतांशी त्या कंपनीने लिहायचे असतात. ते हाती आल्यावर फोनवर जिचे नाव छापलेले असते ती कंपनी त्यांवर स्वतःची मांडणी चढवते, चाचण्या करते आणि मगच अपडेट आपल्यापर्यंत पोहोचतो. या साखळीतल्या एका कडीनेही हात आखडता घेतला, तर पुढच्या सगळ्यांचे काम अडते. चिपची कंपनी दरवर्षी नव्या चिपा विकते. चार वर्षांपूर्वीच्या चिपसाठी नवे दुभाषी लिहून तिच्या गल्ल्यात काही पडत नाही. फोनच्या कंपनीचा व्यवहारही याहून वेगळा नाही, कारण तिने आपल्याकडून एकदाच पैसे घेतलेले असतात.

याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. नेदरलँड्समधल्या फेअरफोन नावाच्या लहानशा कंपनीने २०१५ च्या अखेरीस ‘फेअरफोन २’ बाजारात आणला. त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप होती आणि क्वालकॉमने या चिपसाठी अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून पुढे पाठबळ दिले नाही. तिथे बहुतेक कंपन्यांनी हात झटकले असते. फेअरफोनने मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कामाचा आधार घेत त्या फोनवर अँड्रॉइडची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आणि दहावी २०२२ मध्ये आणून दाखवली आणि मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, त्याला अपडेट दिले. चिप तीच होती, रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, तेवढीच होती. ज्याला ‘शक्य नाही’ म्हटले गेले होते ते एका लहान कंपनीने, उशिरा का होईना, करून दाखवले. जुन्या फोनच्या प्रश्नात किती भाग यंत्राचा आणि किती इच्छेचा, याचा एवढा स्पष्ट पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

गूगललाही या साखळीचा जाच होत होता. म्हणून २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीबरोबर तिने ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ नावाची नवी रचना आणली. चिपशी बोलणारा थर आणि त्यावरची मूळ यंत्रणा यांच्यामध्ये तिने एक पक्की सीमा आखली, जेणेकरून वरचे मजले बदलताना पाया पुन्हा खणावा लागू नये. २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून यंत्रणेचे काही भाग ॲपप्रमाणे प्ले स्टोअरमार्फत बदलता येऊ लागले, आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून चित्राक्षरांचा साठाही संपूर्ण अपडेटविना बदलण्याची सोय झाली. मावशीचा फोन या तिन्ही सुधारणांच्या अलीकडे राहिला, एवढाच त्याचा दोष. आयफोनची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे चिपची आखणी, यंत्रणा आणि फोन या तिन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत. २०१३ सालच्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेचा अपडेट मिळाला होता. नव्या सुविधा मात्र त्याला २०१८ सालच्या बाराव्या आवृत्तीनंतर मिळाल्या नाहीत.

आता खऱ्याखुऱ्या अशक्यतेविषयी. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सेवेचा आरंभ झाला. ज्या फोनमध्ये फाइव्ह-जीचा रेडिओच नाही, त्याला कोणताही अपडेट ती सेवा देऊ शकत नाही. तिथे कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की ज्यांच्याकडे तो रेडिओ होता त्या आयफोनधारकांनाही डिसेंबर २०२२ मध्ये अपडेट येईपर्यंत थांबावे लागले. यंत्र तयार होते, दार उघडण्याची आज्ञा यायची होती. म्हणजे नुसते यंत्र असून चालत नाही आणि नुसती आज्ञा असूनही चालत नाही.

फोनमध्येच चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे अशक्यतेचे दुसरे आणि अधिक ताजे उदाहरण आहे. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ॲपल इंटेलिजन्स’ आणली तेव्हा आयफोन १५ प्रोला ती मिळाली, पण त्याच्याबरोबरच बाजारात आलेल्या साध्या आयफोन १५ ला मिळाली नाही, आणि तो फोन तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. कारण असे, की या सुविधेच्या मुळाशी सुमारे ३०० कोटी आकड्यांचे एक प्रारूप, म्हणजे एआय मॉडेल, आहे आणि ते फोनच्या रॅममध्ये मांडावे लागते. एकेक आकडा अर्ध्या बाइटात दाटून बसवला, तरी दीड जीबी जागा त्यातच जाते. प्रोमध्ये आठ जीबी रॅम होती, साध्यात सहा. यंत्रणा आणि उघडी ॲप यांच्याबरोबर एवढा ऐवज सहा जीबीत सुखाने नांदत नाही, हे मी समजू शकतो.

पण याच क्षेत्रात ‘यंत्राची मर्यादा’ हे शब्द किती सैलपणे वापरले जातात, तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलकडून असे सांगण्यात आले, की फोनवर चालणारे ‘जेमिनी नॅनो’ हे प्रारूप पिक्सेल ८ प्रोवर मिळेल, पण पिक्सेल ८ वर यंत्राच्या मर्यादेमुळे मिळणार नाही. दोन्ही फोनांत चिप एकच होती. फरक रॅमचा होता. लोकांनी नाराजी व्यक्त केली, आणि काही आठवड्यांतच गूगलने निर्णय फिरवला. जूनमध्ये पिक्सेल ८ लाही ते प्रारूप, ज्याला हवे त्याने सुरू करण्याजोग्या पर्यायाच्या रूपात, मिळाले. फोटोतला नको असलेला माणूस पुसून टाकणाऱ्या ‘मॅजिक इरेझर’चेही तसेच झाले. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीचा फोटो काढताना कडेला कोणाचा तरी हात येतोच, त्यामुळे ही सोय आपल्याकडे लगेच लोकप्रिय झाली. २०२१ मध्ये ती पिक्सेल ६ ची आणि त्याच्या नव्या चिपची खासियत म्हणून मिरवली गेली होती. २०२३ मध्ये ती पैसे भरणाऱ्या इतर फोनधारकांना, अगदी आयफोनवरही, मिळू लागली आणि २०२४ मध्ये सर्वांना फुकट. त्यासाठी अँड्रॉइडची आठवी आवृत्ती आणि तीन जीबी रॅम एवढे पुरेसे ठरले. नवा फोन विकायचा तर त्याच्यापाशी दाखवण्यासारखे काही हवे, हा व्यापाराचा भाग मी नाकारत नाही. परंतु व्यापाराचे कारण यंत्राच्या नावावर खपवू नये, एवढी माझी रास्त अपेक्षा आहे, आणि ती ग्राहक म्हणून तुम्हीही ठेवावी.

एका बाबतीत मात्र मी स्वतः फसलो, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या सवलतीत मी म्हापशाच्या एका दुकानातून घरासाठी एक फोन घेतला. खोका उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचली; तयार झाल्याचा महिना अवघा दोन महिन्यांपूर्वीचा होता आणि जाहिरातीत तीन वर्षांच्या अपडेटचे वचन होते. मी निश्चिंत झालो. चौदा महिन्यांनी अपडेट थांबले. चौकशी केल्यावर कळले, की ती तीन वर्षे मी फोन घेतल्यापासून मोजायची नव्हती आणि खोक्यावरच्या महिन्यापासूनही नव्हती. ते मॉडेल पहिल्यांदा बाजारात आले त्या दिवसापासून मोजायची होती, आणि तो दिवस माझ्या खरेदीच्या जवळजवळ दोन वर्षे आधीचा होता. खोक्यावर तो दिवस कुठेही छापलेला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की स्वस्तात मिळणारे मॉडेल घेताना ते पहिल्यांदा केव्हा आले याचा शोध आधी घ्या आणि वचनातून तेवढी वर्षे वजा करा. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे, पण ते महागड्या फोनांचे आहे. आपल्यापैकी बहुतेक जण जो फोन घेतात त्याचे वचन बहुधा याहून आखूड असते. युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम याच दुखण्यावर बोट ठेवतो. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध राहिले पाहिजेत, असे तो सांगतो. मोजणी शेवटच्या नगापासून सुरू होते, पहिल्यापासून नव्हे. आपल्याकडेही मोजणी अशीच व्हावी, असे मला मनापासून वाटते.

चौकोनात पणती दिसली नाही म्हणून काही अडत नाही. सुरक्षेच्या अपडेटचे तसे नाही. मांडवी आणि झुवारीच्या काठांवरची खाजने, म्हणजे खारे पाणी बांधाने अडवून केलेली शेते, ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बांध उभा दिसतो, मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, वेळेवर उघडते आणि मिटते, आणि तरीही कुर्ल्यांनी पाडलेली भोके वेळच्या वेळी बुजवली नाहीत, तर खारे पाणी भातात शिरते. फोनच्या यंत्रणेतही अशी भोके सतत सापडत असतात, आणि अँड्रॉइडसाठी ती बुजवणाऱ्या दुरुस्त्या २०१५ पासून नियमितपणे निघतात. ज्या फोनला त्या मिळत नाहीत तो वरून ठणठणीत दिसतो, आणि त्याच्या भोकांची यादी मात्र जाहीर झालेली असते. आपल्या फोनचे काय, हे सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात जाऊन पाहता येते. तिथे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. ती वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल, तर त्या फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार करू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. ॲपही अशा फोनची साथ कधीतरी सोडतातच. व्हॉट्सॲपने ५ मे २०२५ पासून आयओएसच्या १५.१ या आवृत्तीखालील आयफोनांचे पाठबळ थांबवले, आणि ५एस, ६ व ६ प्लस हे फोन त्या दिवशी बाहेर पडले. म्हणजे मावशीच्या फोनवरची पणतीही एक दिवस मावळणार आहे.

मावशीचे पैशांचे व्यवहार आम्ही त्याच आठवड्यात नव्या फोनवर नेले. जुना फोन टाकून द्यायला मात्र ती तयार नव्हती आणि तिचे कारण ऐकून मलाही आग्रह करवेना. त्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे. कानातल्या यंत्राची वायर जोडली, की तीच ॲन्टेना होते आणि इंटरनेटशिवाय, पैशाशिवाय आकाशवाणी ऐकू येते. तिच्या नव्या फोनमध्ये वायर जोडायला भोकच नाही आणि एफएमही नाही. नव्या फोनांतून एफएम नाहीसा होत चालल्याचे पाहून केंद्र सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना, ही सोय जिथे आहे तिथे ती बंद ठेवू नये, अशी सूचना केली होती. अनेक फोनांच्या चिपमध्ये रेडिओ असतो आणि तरी तो बंद ठेवला जातो. जुन्या फोनचे सिमकार्ड आम्ही काढून घेतले, त्यावरची बँकेची ॲप पुसून टाकली, आणि आता तो सावईवेऱ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत, वायर गजाला गुंडाळून, ठेवलेला असतो.

नमस्कार.