डुकराचे हृदय, माणसाचे रक्त

नमस्कार श्रोतेहो.

२०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत बाल्टिमोरला मेरीलंड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ५७ वर्षांच्या एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले. दोन महिन्यांनी तो गेला. पण मानवी रक्त इतके दिवस डुकराच्या हृदयातून खेळत राहिले, हीच मला फार मोठी गोष्ट वाटते. ती का मोठी, हे समजायला रक्तवाहिनीच्या आत डोकवावे लागेल.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असते, एकाच पेशीच्या जाडीचे. आपण त्याला नळीचा आतला गिलावा समजतो, पण ते जिवंत आणि सतत कामात असते. रक्त गोठू नये, पाणी झिरपू नये, पांढऱ्या पेशी उगाच चिकटू नयेत, हे सारे तेच सांभाळते. डुकराचा अवयव जोडला की अस्तर डुकराचेच राहते, त्यावरून वाहते मात्र माणसाचे रक्त. पहिली गाठ तिथेच पडते.

डुकराच्या पेशींवर 'अल्फा-गॅल' नावाची साखर असते. आपल्यात ती नाही आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीपासून तयार असतात. साधा अवयव बसवला तर तो काही मिनिटांत ते तासांत काळानिळा पडतो. जनुक काढून ही साखर घालवता आली, तेव्हा कुठे पुढचे शत्रू दिसू लागले. ते म्हणजे पेशी.

आपल्या रक्तात नैसर्गिक मारक पेशी फिरत असतात. समोरच्या पेशीवर आपली ओळखखूण दिसली की त्या हात आवरतात. डुकराच्या अस्तरावरची खूण त्यांना नीट वाचता येत नाही, म्हणून त्यांना आवर बसत नाही. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींचेही तसेच. 'मला खाऊ नका' असा इशारा देणारे सीडी४७ हे प्रथिन डुकराकडे असते, पण आपल्या भक्षक पेशींना तो इशारा पुरता पटत नाही.

मला इथे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अस्तराचे वागणे. ते मुकाट्याने मार खात नाही. या पेशी चिकटल्या, त्यांनी दाहक रसायने सोडली, की अस्तर चेतते. त्याच्या पेशी आकसतात, मध्ये फटी पडतात, पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात आणि आणखी पांढऱ्या पेशी अडकतात. रक्त पातळ ठेवणारे अस्तर आता रक्त गोठवू लागते. त्यात भर अशी की गोठण्याला लगाम घालणारे डुकराचे थ्रॉम्बोमोड्युलिन मानवी रक्ताबरोबर फारच कमकुवत काम करते. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि अवयव उपाशी पडतो.

म्हणून बाल्टिमोरच्या त्या डुकरात दहा जनुकीय बदल केले होते. चार जनुके बंद केली, त्यांत तीन अल्फा-गॅलसारख्या साखरा बनवणारी. सहा मानवी जनुके घातली, त्यांत थ्रॉम्बोमोड्युलिनही होते आणि सीडी४७ ही.

रुग्ण गेल्यावर हृदय तपासले, तेव्हा इजा सापडली ती बारीक वाहिन्यांच्या अस्तरालाच. डुकराचा एक विषाणूही त्या हृदयाबरोबर आला होता. शिवाय रुग्णाला उपचार म्हणून दिलेल्या प्रतिपिंडांवरही संशय घेतला गेला. आणि मारक पेशींना आवरू शकणारे एचएलए-ई हे मानवी जनुक त्या सहांत नव्हते.