श्रेयनामावलीतलं एक नाव

[पडद्यावर: ऑस्कर सोहळ्याची जुनी दृश्यं]

११ एप्रिल १९८३. लॉस एंजेलिसमधलं डोरोथी चँडलर पॅव्हेलियन. वेशभूषेच्या ऑस्करसाठी पाच चित्रपटांना नामांकन आहे. 'ला त्राव्हियाता'मध्ये ऑपेराचा सगळा थाटमाट आहे. 'ट्रॉन'मधली माणसं अंगावर उजळलेल्या रेषा घेऊन संगणकाच्या पोटात फिरतायत. 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' आहे, 'सोफीज चॉइस' आहे. आणि पाचवा चित्रपट आहे 'गांधी'. त्यात धोतरं आहेत, पंचे आहेत, सुती साड्या आहेत, पांढऱ्या टोप्या आहेत आणि इंग्रजी अमलातले गणवेश आहेत.

पुरस्कारासाठी दोन नावं पुकारली गेली. जॉन मोलो आणि भानू अथैया.

भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या. माहेरचं आडनाव राजोपाध्ये, वडील अण्णासाहेब चित्रकार. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं केली आणि तिथून सिनेमात आल्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

[पडद्यावर: गांधीजींची छायाचित्रं, १८९३पासून पुढची]

'गांधी'ची कथा १८९३मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू होते आणि १९४८मध्ये दिल्लीत संपते. पंचावन्न वर्षं. एवढ्या काळात गांधीजींचे कपडे किती बदलले बघा. आधी सूट-बूट घातलेला बॅरिस्टर. मग ९ जानेवारी १९१५ला मुंबईच्या धक्क्यावर उतरणारा, काठियावाडी पेहरावातला, डोक्याला फेटा बांधलेला माणूस. आणि १९२१मध्ये मदुराईत, गरिबाच्या अंगावर असतं तेवढंच आपल्या अंगावर असावं म्हणून पंच्यावर आलेला माणूस. ही त्यांची राजकीय वाटचाल आहे आणि ती कपड्यांतून दिसते. प्रेक्षकाला एकाही वाक्यात न सांगता हे पोहोचवणं, हे वेशभूषाकाराचं काम. खादीला ऑस्कर मिळालं याचं आजही अप्रूप वाटतं, कारण वेशभूषेचे पुरस्कार बहुतेक वेळा जरतारी घेराकडे झुकतात.

आता जॉन मोलो. ते लष्करी गणवेशांचे अभ्यासक. 'स्टार वॉर्स'साठी त्यांना आधीच एक ऑस्कर मिळालेलं होतं. 'गांधी'त इंग्रजांची बाजू त्यांच्याकडे आणि भारतीयांची बाजू भानूताईंकडे, अशी कामाची वाटणी होती. आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वेशभूषेपुढे ही दोन्ही नावं होती. आजची आपली गोष्ट या नावांचीच आहे. कारण कुठल्याही पुरस्काराकडे प्रवेशिका जाते, तेव्हा सोबत कपडे जात नाहीत. चित्रपट जातो आणि नाव जातं.

[पडद्यावर: कृष्णधवल हॉलिवूड]

नाव नसलं की काय होतं, याचं उदाहरणही ऑस्करच्याच इतिहासात आहे. वेशभूषेचा ऑस्कर १९४८च्या चित्रपटांपासून सुरू झाला. बराच काळ कृष्णधवल आणि रंगीत चित्रपटांसाठी दोन वेगळे पुरस्कार दिले जात. १९५४च्या 'सब्रिना'साठी कृष्णधवल विभागात एडिथ हेड यांना पुरस्कार मिळाला. पण ऑड्री हेपबर्नचे ज्या पोशाखांमुळे डोळे दिपले, त्यातले महत्त्वाचे पोशाख पॅरिसच्या युबेर द जिव्हांशी यांच्याकडून आलेले होते. त्यांचं नाव पडद्यावर नव्हतं, म्हणून ऑस्करच्या बाहुलीवरही नव्हतं. एडिथ हेड यांच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही, त्यांनी आयुष्यात आठ ऑस्कर जिंकले. तरी या एका पुरस्काराबद्दल वाटणारी रुखरुख सत्तर वर्षांनंतरही गेलेली नाही.

[पडद्यावर: निर्मितीचं कार्यालय, टेबलावर कागद]

प्रवेशिका जाते कशी?

आधी ऑस्कर, कारण त्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून दरवर्षी एक चित्रपट निवडला जातो, त्यावर टीव्हीवर तावातावाने चर्चा होतात. ती निवड फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी असते. वेशभूषेच्या विभागाचा तिच्याशी संबंध नाही. तिथे उतरायचं तर चित्रपट अमेरिकेतल्या ठरावीक महानगरांपैकी एका ठिकाणी, चित्रपटगृहात, सलग सात दिवस चालावा लागतो आणि मग निर्मात्याला रीतसर कागदपत्रं दाखल करावी लागतात. भाषेची अट नाही. मराठी चित्रपटालाही हा दरवाजा उघडा आहे, फक्त तिथवर जाण्याचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न असतो. नामांकनं ठरवतात ऑस्कर देणाऱ्या अकादमीतले वेशभूषाकारच. त्यांची स्वतंत्र शाखा २०१३मध्ये झाली. त्याआधी त्यांना कलादिग्दर्शकांच्या शाखेत बसावं लागे.

टीव्हीसाठी एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार. तिथे मालिकेचा एकच भाग पाठवायचा असतो. दहा भागांची मेहनत, आणि निवडायचा एक. लग्नाचा प्रसंग असलेला भाग पाठवायचा मोह होतो, कारण कपडे भरपूर आणि भारी. पण ज्या भागात एखादं पात्र खचत जातं आणि त्याचे कपडे त्याच्यासोबत खचत जातात, त्या भागात वेशभूषाकार जास्त दिसतो, असं आम्हाला वाटतं. एमीमध्ये ऐतिहासिक, समकालीन आणि कल्पनारम्य असे वेगळे विभाग आहेत. हॉलिवूडच्या वेशभूषाकारांचं गिल्ड, म्हणजे त्यांची संघटना, १९९९पासून स्वतःचे पुरस्कार देतं, तिथेही हीच वाटणी आहे. ही वाटणी न्यायाची आहे. आजच्या काळातल्या कारकुनाचा शर्ट नेमका निवडणं हे राजाच्या अंगरख्याइतकंच अवघड असतं, पण दोघांना एका ताटात वाढलं की सगळ्यांची नजर अंगरख्यावर जाते.

एमीची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे वेशभूषाकाराबरोबर त्याच्या सहायकाचं आणि कॉस्च्युम सुपरवायझरचं नावही नामांकनात येतं.

[पडद्यावर: राष्ट्रीय पुरस्कार सोहळा, नवी दिल्ली]

आता आपलं घर. भानूताईंना ऑस्कर मिळालं तेव्हा आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेचा विभागच नव्हता. तो १९८४च्या चित्रपटांपासून आला. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी भानूताईंना तो मिळाला. इथेही प्रवेशिका निर्मात्याकडून जाते. त्या वर्षात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेलं असावं लागतं. आधी विभागीय समित्या चित्रपट बघतात, त्यांच्या चाळणीतून उतरलेले केंद्रीय समितीपुढे जातात. २०१६च्या चित्रपटांत हा पुरस्कार सचिन लोवलेकर यांना मिळाला, 'सायकल' या मराठी चित्रपटासाठी. जुन्या काळातलं कोकण, धोतर-सदऱ्यातली साधी माणसं. समितीची नजर तिथे थांबली याचा फार आनंद झाला होता. २०२०च्या चित्रपटांत 'तान्हाजी'साठी नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला. २०२३च्या चित्रपटांत 'सॅम बहादूर'साठी पुन्हा लोवलेकर, त्यांच्याबरोबर दिव्या गंभीर आणि निधी गंभीर.

एका चित्रपटाला तीन-तीन नावं का? हिंदीत नायिकेचे कपडे एकाकडे, नायकाचे दुसऱ्याकडे, गर्दीचे तिसऱ्याकडे, अशी पद्धत रुळलेली आहे. 'देवदास'च्या वेळी हा पुरस्कार चार जणांत विभागला गेला. ही चारही नावं कागदावर होती, हे महत्त्वाचं.

[पडद्यावर: शिवणाचं टेबल, बादली, सँडपेपर, वाळत घातलेले सदरे]

पण कागदावर न येणारं काम बघायचं असेल तर इथे यावं लागतं.

हा सदरा नवा कोरा आहे, कालच मास्तरांनी शिवला. कथेत तो सहा वर्षं वापरलेला आहे. ड्रेसदादा, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणारे, त्याला आधी दोन-तीन वेळा नुसता धुतात, खळ जाईपर्यंत. मग चहाच्या पाण्यात बुडवतात, पिळतात, पिळा तसाच ठेवून वाळवतात. कॉलरची घडी सँडपेपरने घासतात, दोरे उसवेपर्यंत नाही, फक्त तंतू उभे राहीपर्यंत. कोपर घासतात. पात्र उजव्या खांद्यावरून झोळी नेत असेल तर उजवाच खांदा जास्त घासतात. काखेत घामाचा पिवळट डाग उठवतात, तो कडेला गडद आणि मध्ये फिका. आणि हे सगळं एकदा नाही. पावसाचा किंवा मारामारीचा प्रसंग असला तर त्याच सदऱ्याच्या तीन-चार जोड्या लागतात, आणि चौथ्यावरचा डाग पहिल्यावरच्या डागाच्याच जागी लागतो.

पडद्यावर हे काम जमलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. समितीच्याही येईलच असं नाही. बघणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी जुना सदरा आणून घातला असेल.

म्हणून नोंद ठेवा. हे आम्ही नव्या मुलांना फार आग्रहाने सांगू. पहिलं रेखाटन फेकू नका, त्यावर तारीख टाका. कापडाचा तुकडा टाचून ठेवा. नव्या सदऱ्याचा फोटो काढा, घासल्यावरचा काढा, आणि शूटिंगच्या दिवशी नटाच्या अंगावर असतानाचा काढा. चित्रपट संपला की कपडे गोदामात जातात, तिथून भाड्याने दुसऱ्या सिनेमात, आणि वर्षभरात कुठला सदरा कुठल्या पात्राचा ते सांगता येत नाही. भानूताईंनी आपल्या कामाचं पुस्तक २०१०मध्ये काढलं, म्हणून त्यांची विचार करायची रीत आज आपल्यापुढे आहे. आपली बाहुली त्यांनी २०१२मध्ये अकादमीकडे परत पाठवली, आपल्यामागे ती सुरक्षित राहावी म्हणून. त्यांच्यासारख्या कलावतीला ती इथे ठेवण्याची खात्री वाटू नये, हे मनाला लागतं. वेशभूषेचं जतन करणारी चांगली जागा आपल्याकडे झाली पाहिजे.

[पडद्यावर: संकलन कक्ष, वर सरकणारी श्रेयनामावली]

आणि करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. श्रेयनामावलीत तुमचं नाव कुठल्या शब्दांत येणार, आणि राष्ट्रीय व राज्य पुरस्कारांच्या अर्जात वेशभूषेपुढे कुणाकुणाची नावं जाणार. मास्तर, ड्रेसदादा, सहायक, एजिंग, म्हणजे नवा कपडा जुना दिसेल असा करणारे हात, या सगळ्यांची पूर्ण नावं शूटिंग चालू असतानाच गोळा करा. नुसतं 'राजूदादा' लिहून भागत नाही, आडनाव विचारा. यादी निर्मितीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि संकलनाच्या वेळी पडद्यावर प्रत्येक नाव वाचून बघा. अंतिम प्रत एकदा सेन्सॉरकडे गेली, की राहिलेलं नाव घालण्यासाठी ती पुन्हा कुणी उघडत नाही.