अवघड जागेचे दुखणे

(दृश्य : एसटी स्थानकामागची भिंत. तिच्यावर ऑइलपेंटने रंगवलेली जाहिरात. कॅमेरा अक्षरांच्या अगदी जवळ जातो.)

‘मूळव्याध, भगंदर, फिशर. ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज.’ महाराष्ट्रात एसटीने किंवा लोकलने फिरणाऱ्या माणसाच्या नजरेला या जाहिराती इतक्या सरावलेल्या असतात की, शौचावाटे रक्त दिसताच मनात पहिला शब्द येतो तो याच भिंतीवरचा. बहुतेक वेळा हा अंदाज खराही ठरतो, कारण असे रक्त जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीरच असते आणि कर्करोग नसतो. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग त्यांच्या शरीरात याच नावाखाली कित्येक महिने वाढत राहतो.

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. या आजारात ती शब्दशः लागू पडते. रक्त दिसले, तरी माणूस ते बायकोलाही सांगत नाही. औषधाच्या दुकानात हळू आवाजात मलम मागतो, रात्री इसबगोल घेतो, तिखट बंद करतो. पंधरा दिवस बरे वाटते, मग पुन्हा रक्त दिसते. मधल्या काळात शौचाच्या वेळा बदललेल्या असतात, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, पुन्हा कळ येते, शौचाबरोबर आव पडते, पट्टा एक भोक आत घ्यावा लागतो. स्त्रियांच्या बाबतीत यात आणखी एक पडदा असतो. हिमोग्लोबिन कमी आले की त्याचे कारण पाळीत शोधले जाते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. वास्तविक आतड्याच्या उजव्या भागातली गाठ डोळ्यांना न दिसणारे रक्त रोज थोडेथोडे गाळत असू शकते. म्हणूनच पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये किंवा कोणत्याही प्रौढ पुरुषामध्ये लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झाल्याचे आढळले, तर गोळ्यांबरोबरच आतड्याचीही तपासणी व्हायला हवी.

(दृश्य : मोठ्या आतड्याचे रेखाचित्र. आतल्या अस्तरावर एक लहानसा उंचवटा.)

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते आणि त्याचा शेवटचा, वीतभराहून कमी भाग म्हणजे गुदाशय. येथील बहुतेक कर्करोगांची सुरुवात आतल्या अस्तरावरच्या एका लहानशा वाढीपासून होते. तिला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात, त्यांना कर्करोगाचे रूप घेण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. इतकी सवड फार थोडे कर्करोग देतात, आणि या काळात पॉलिप सापडला तर तो काढून टाकता येतो, म्हणजे कर्करोग होण्याआधीच थांबवता येतो.

हे काम होते दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने. खरे सांगायचे तर तपासणीपेक्षा आदला दिवसच अधिक जिकिरीचा असतो. पालेभाज्या आणि बियांची फळे आधीपासून बंद करायची, मग पाण्यात विरघळवलेली खारट-गुळचट पावडर ग्लासामागून ग्लास प्यायची आणि शौचातून केवळ पिवळसर, नितळ पाणी येईपर्यंत संडासाच्या फेऱ्या घालायच्या. दुसऱ्या दिवशी गुंगीचे औषध देऊन बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी आत सरकवली जाते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. डॉक्टर ही नळी आधी आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेतात आणि खरी बारकाईची पाहणी परतीच्या वाटेवर करतात. या परतीला किमान सहा मिनिटे तरी द्यावीत, असा संकेत आहे. पडद्यावर गुलाबी, ओलसर वळ्यांमधून एखादी देठाची अळिंबी डोके वर काढावी तसा पॉलिप दिसतो. नळीतून तारेचा एक फास पुढे येतो, देठाभोवती आवळला जातो आणि विजेच्या सौम्य प्रवाहाने देठ कापला जातो. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही, त्यामुळे रुग्णाला यातले काहीच कळत नाही. निघालेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेकडे जातो. ‘तुकडा घेतला की रोग पसरतो’ ही आपल्याकडची घट्ट समजूत या बाटलीपाशीच अडखळायला हवी, कारण हा तुकडा तपासल्याशिवाय रोग आहे की नाही हेच ठरत नाही.

अमेरिकेत केटी कुरिक या दूरचित्रवाणी निवेदिकेने मार्च २००० मध्ये स्वतःची कोलोनोस्कोपी चित्रित करून आपल्या सकाळच्या कार्यक्रमात देशाला दाखवली. तिचा पती १९९८ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेला होता. हे चित्रण दाखवल्यानंतरच्या महिन्यांत ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढल्याचे संशोधकांनी पुढे नोंदवले. तेथे सर्वसाधारण धोका असलेल्या माणसाने पहिली तपासणी पन्नाशीत करावी, असा सल्ला होता. तरुणांमध्ये रोगाचे प्रमाण वाढू लागल्यावर २०२१ मध्ये ते वय पंचेचाळीसवर आणले गेले.

आपली स्थिती वेगळी आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, मोठ्या आतड्याचा नाही. उपलब्ध डॉक्टर आणि यंत्रे पाहता प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करणे शक्यही नाही, आणि आमच्या मते तसा आग्रह धरणे योग्यही ठरणार नाही. पण याचा एक परिणाम होतो. निरोगी माणसाला बोलावून तपासणारी व्यवस्था नसल्यामुळे रोग हुडकण्याचा सारा भार लक्षणांवर आणि ती वेळेवर सांगण्यावर पडतो. त्यातच आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांत चाळिशीच्या आतलेही असतात, ज्यांच्याबाबत ‘या वयात कुठला कॅन्सर’ हे वाक्य घरातही ऐकू येते आणि कधीकधी दवाखान्यातही.

तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, बैठे काम, प्रक्रिया केलेले मांस यांनी धोका वाढतो. शाकाहारी असणे म्हणजे अभय मात्र नव्हे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल, तर त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी किंवा चाळिसाव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असे सांगितले जाते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरताच असताना सापडलेल्या दर दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. तो दूरच्या अवयवांत गेल्यावर सापडला, तर हीच संख्या दहांपैकी दोनाच्याही खाली येते.

(दृश्य : तपासणीची खोली. हिरवा पडदा, रेक्झिनचे टेबल, हातमोज्यांचा खोका.)

गुदाशयातल्या बऱ्याच गाठी साध्या बोटाच्या तपासणीत हाताला लागतात. त्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही. डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात, मोजा चढवतात, बोटाला जेली लावतात आणि श्वास मोठा घ्यायला सांगतात. मूळव्याधीचा मोड मऊ लागतो, गाठ कडक आणि खडबडीत. अर्ध्या मिनिटात हात बाहेर येतो, आणि मोज्यावर रक्त आहे का, हे डॉक्टर खिडकीच्या उजेडात पाहून घेतात.