क्रेडिट शेल नको, रिफंड द्या

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टे नाहीत म्हणून वाण्याने रुपयाऐवजी गोळी पुढे केली, तर आपण पुणेकर दोन शब्द ऐकवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. पण विमानाचं तिकीट रद्द केल्यावर कंपनीने सहा-सात हजारांचं ‘क्रेडिट शेल’ हातात ठेवलं, की तेच आपण निमूटपणे घेतो. आणि विसरतो. आज त्याबद्दल बोलू.

क्रेडिट शेल म्हणजे तुमचे पैसे कंपनीकडेच राहतात, पुढच्या तिकिटापोटी. सरळ सांगायचं तर तुम्ही विमान कंपनीला दिलेलं बिनव्याजी, बिनतारणी कर्ज. वर त्याला मुदत असते, बहुधा वर्षभराची. मुदत संपली की कर्ज माफ!

खरं तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम स्पष्ट आहे. रिफंडची रक्कम क्रेडिटमध्ये ठेवायची की परत घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनीने परस्पर नाही. फक्त तिकीट रद्द करताना क्रेडिटचं बटण अनेकदा ठळक असतं आणि ‘मूळ खात्यात परत’ हे बारीक अक्षरांत कुठेतरी खाली. चष्मा लावून शोधा.

दुसरं, ‘नॉन-रिफंडेबल’ शब्दाला घाबरून गप्प बसू नका. मूळ भाडं आणि इंधन अधिभार, यापलीकडे कंपनीला रद्द करण्याचे पैसे कापता येत नाहीत. कर आणि विमानतळाचं शुल्क तुम्हाला परत मिळायला हवं. संध्याकाळी विमाननगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून लोहगावचं विमान चुकलं, अगदी ‘नो शो’ झालात, तरीही. रक्कम लहान असते, म्हणून कुणी मागत नाही; आणि न मागणारे प्रवासी कुठल्या कंपनीला नको असतील?

तारीख बदलतानाची गंमत वेगळीच. ‘चेंज फी शून्य’ वाचून हुरळायला होतं. पण समजा, पुणे-नागपूरचं तिकीट तुम्ही चार हजारांना काढलंय आणि दिवाळीच्या तोंडावर ते साडेनऊ हजारांवर गेलंय. फी शून्यच, पण भाड्यातला साडेपाच हजारांचा फरक तुमच्याच खिशातून जाणार. उलट नवी तारीख स्वस्त असेल, तर वरचे पैसे परत मिळतीलच असं नाही. म्हणून बटण दाबण्याआधी दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत. सरकारच्या 2019 च्या प्रवासी सनदेने आणखी एक सोय दिली होती: प्रवासाला सात दिवस किंवा जास्त अवधी असेल, तर तिकीट काढल्यापासून 24 तासांत ते फुकट रद्द करता यायचं; 2026 मध्ये नियम बदलून ही मुदत 48 तासांची झाली. घाईत काढलेल्या तिकिटाचा त्याच रात्री पुन्हा विचार करायला हरकत नाही.

विमान कंपनीनेच रद्द केलं, तर गोष्ट वेगळी. डिसेंबर 2025 मध्ये पुण्यासह देशभर इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली, तेव्हा सरकारने 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत रिफंड पुरे करा असा हुकूम काढला. ज्यांचे फारच हाल झाले त्यांना कंपनीने 10,000 रुपयांची व्हाउचरं दिली, बारा महिन्यांच्या मुदतीची. ते रिफंडच्या वर होतं, रिफंडऐवजी नव्हे. ही गल्लत होऊ देऊ नका.

क्रेडिट हे कर्जच आहे, हे एकदा सर्वोच्च न्यायालयानेही जवळजवळ मान्य केलं, असं मी म्हणेन. लॉकडाउनमध्ये अडकलेल्या तिकिटांबाबत 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात क्रेडिट शेलची किंमत वाढवायला सांगितलं: 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का. ते दुसऱ्याच्या नावे करायची मुभा दिली. आणि 31 मार्च 2021 पर्यंत वापरलं नाही, तर पैसे परत. एरवी दहा हजारांच्या क्रेडिटवर महिन्याला पंचाहत्तर रुपये तुम्हाला कोण देतंय?

आणि कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. अशा वेळी क्रेडिटवाला प्रवासी बँकांच्या मागे, रांगेच्या पार शेवटी उभा असतो.

परदेशातही हे सुटत नाही. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथल्या साउथवेस्ट या विमान कंपनीच्या क्रेडिटला 2022 पासून मुदतच नव्हती. 28 मे 2025 पासूनच्या तिकिटांना ती लागली, सर्वांत स्वस्त वर्गाला तर सहाच महिने.

तरीही क्रेडिट घ्यायचंच असेल, तर एक विचारून घ्या: मुदतीच्या तारखेपर्यंत नुसतं बुकिंग करायचं, की प्रवासही पुरा करायचा? आणि क्रेडिट कुणाच्या मेलवर येणार? आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं तिकीट भाच्याने ऑफिसच्या मेलवरून काढलं होतं. भाच्याने नोकरी बदलली, मेल बंद झाला, व्हाउचरचा नंबर त्यातच राहिला. काकू आजही भाच्याला फोनवर सुनावतात, कंपनीला मात्र एक ओळ लिहिलेली नाही.

एजंटकडून तिकीट काढलं असलं, तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. आधी कंपनीला पीएनआर टाकून लेखी कळवा. दाद लागली नाही, तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करा, किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. तोवर तिकिटाचा मेसेज डिलीट करू नका. नमस्कार.